मागचे उंच टायर

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी देवीलालची गाडी पांदणीत पुन्हा पोटावर बसली, आणि मोहतांड्याच्या अकरा घरांचं दूध दारव्ह्याला पोहोचलं नाही. या पावसाळ्यातली ही तिसरी वेळ होती.

फोन आला तेव्हा त्याची बायको हंसाबाई म्हशीखालचं शेण ओढत होती. तशीच फावडं घेऊन निघाली. तांड्यापासून नाल्यापर्यंतची पांदण, शेतांमधली कच्ची वाट, म्हणजे निव्वळ काळी माती. चपला हातात घ्याव्यात तर काटे, पायात ठेवाव्यात तर चिखल त्या ठेवून घेतो. ती पोहोचली तेव्हा देवीलाल गाडीखाली आडवा झाला होता आणि त्याचे फक्त दोन पाय बाहेर दिसत होते.

"काय झालं?"

"गोळा टेकला," गाडीखालून आवाज आला.

तांड्यात आता पोराबाळांनाही हा गोळा माहीत झाला होता. मागच्या दोन चाकांना जोडणारा जो लोखंडी दांडा, त्याच्या मधोमध तो असतो. ट्रॅक्टरांनी पांदणीत दोन खोल चाकोऱ्या पाडल्या होत्या आणि मध्ये मातीचा उंचवटा राहिला होता. छोटी पिकअप ती. चाकं चाकोरीत उतरली की गोळा त्या उंचवट्यावर जाऊन बसे. मग चाकं नुसती फिरत आणि मागे उभ्या माणसाला चिखलाची आंघोळ घालत.

दोघांनी दोन तास माती उकरली. तोवर दारव्ह्याच्या दूध केंद्रावरचा टँकर निघून गेला. तांड्यातल्या बायका आल्या, एकेका कॅनीला दोघीदोघी लागल्या आणि दूध परत घरी गेलं. त्या दिवशी अकराही घरांच्या चुलीवर खवा आटत होता. पोरं खूश होती. मोठी माणसं बुडालेल्या दुधाचे पैसे मोजत होती.

संध्याकाळी तांड्याचा नायक शंकरसिंग आला आणि अंगणातल्या बाजेवर बसला. साठी ओलांडलेला, धोतर-सदऱ्यातला, हळू बोलणारा माणूस. तो ओरडला असता तर देवीलालनंही दोन शब्द सुनावले असते, पण शंकरसिंग ओरडणाऱ्यातला नव्हताच.

"देवीलाल, तू आपला पोरगा हाय. तुही मेहनत दिसते मले," तो म्हणाला. "पण दूध काही थांबत नाही बापा. पोळ्यापर्यंत पाहातो. नाही जमलं त किसनरावच्या मोठ्या गाडीले सांगतो. थ्याची गाडी उंच हाय."

"हाव जी," देवीलाल म्हणाला.

नायक गेल्यावर तो बराच वेळ नखातला चिखल काढत बसला. मग म्हणाला, "गेली खेप त गेली. ट्रकच्या लाइनवर जाईन. शेठ आजबी बोलावते मले."

कोपऱ्यावरून तंबाखूची पुडी आणायला जावं, तशा सुरात त्यानं हे सांगितलं. हंसाबाई कढईत उलथनं फिरवत होती, ती फिरवत राहिली. सोळा वर्षं हा माणूस ट्रकवर होता. हैदराबाद, नागपूर, रायपूर. महिन्यातून दोनदा घरी, तेही धुवायचे कपडे टाकायला. त्यांची राखी चालायला लागली ती तो नसताना. बाप घरी आला की ती पोर आजीच्या घागऱ्यामागे लपायची आणि "हा माणूस कवा जाईन?" म्हणून विचारायची. आता राखी नेरला सासरी नांदत होती. चार वर्षांपूर्वी त्यानं ही छोटी गाडी घेतली, दुधाची खेप धरली, आणि तेव्हा कुठे हंसाबाईचा संसार सुरू झाला. लग्नाच्या सतराव्या वर्षी! सकाळी कॅनी चढवताना तो तिच्याशी भांडे, दुपारी जेवताना भाजीला नावं ठेवे. तिला त्याचं हे नावं ठेवणंसुद्धा आवडे. पण हे त्याला कसं सांगायचं असतं ते तिला कधी जमलं नाही, आणि त्यानं कधी विचारलं नाही.

"गोळा उंच कराले काय लागते?" तिनं एवढंच विचारलं.

देवीलालनं मान वर केली. "स्प्रिंगचे पाटे वाढवले त नुसता मागचा हौदा उंच होते, गोळा तिथंच राह्यते. थो दांड्यावर हाय ना. दांडा उंच कराचा त..." तो थांबला आणि चिखलाच्याच बोटानं कपाळ खाजवू लागला. "त टायरच उंच पाह्यजेत. मागचे दोन."

दुसऱ्या दिवशी दोघं दारव्ह्याला इंदुताईच्या टायरच्या दुकानात गेले. दुकानावर पाटी नवऱ्याच्या नावाची होती, पण नवरा गल्ल्यावर बसे आणि टायर इंदुताई खोले. लुगड्यावर पुरुषाचा सदरा, बाह्या वर सारलेल्या, हाताला कोपरापर्यंत काळं. तिनं जुने टायर पाहिले, गाडीखाली वाकून गोळा पाहिला आणि कमरेवर हात ठेवले.

"बसाले त बसन. डिस्क तेच, नट तेच. पण दांडा जुनाच हाय ना बाप्पा. तू थ्याच्या पायात हे भारी बूट घालून राह्यला."

"चालते ना पण?"

"चालन. पण ओढ कमी होईन. चढावर पहिल्या गिअरमधी टाकजो, मर्दानगी दाखवजो नोको. अन् माल भरला का गाडी दबते, मंग टायर वरून हौद्याले घासते. एकेक पाटा वाढवून घे."

"घेतो. पाटेवाला कोठी बसते?"

"थो गावी गेला. पोळा झाल्यावर येईन."

देवीलाल आणि हंसाबाईनं एकमेकांकडे पाहिलं. पोळा झाल्यावर पाटे टाकून उपयोग काय? इंदुताईला चेहरे वाचता येत असावेत. तिनं जॅक लावला, लांब पान्यावर पाय देऊन नट सैल केले आणि तासाभरात दोन्ही उंच टायर चढवले. गाडी खाली उतरल्यावर तिनं टायर आणि हौद्याच्या मधल्या फटीत आपली बोटं घातली. चार बोटं गेली.

"रिकाम्यात चार बोटं," ती हंसाबाईला म्हणाली. "भरल्यावर तू पाह्यजो वं. हा काही पाहणार नाही, थ्याले लय घाई दिसते."

गाडी तांड्यात शिरली तेव्हा सगळा तांडा बघायला जमला. मागचं अंग उंच आणि पुढचं जुनंच, त्यामुळे गाडी पाणी प्यायला वाकलेल्या बैलासारखी दिसत होती. देवीलालची आई सुखीबाई, वय ऐंशीच्या आसपास, हातभर बांगड्या खळखळवत गाडीभोवती एक चक्कर मारून आली.

"हिचं तोंड काहून खाली गेलं? लाजून राह्यली का?"

सगळे हसले. देवीलालही हसला, पण कान लाल झाले त्याचे. हंसाबाई मात्र चाकाजवळ बसून फटीत बोटं घालून पाहत होती.

"भरून पाहा लागन," ती म्हणाली.

"कायनं भरतं? दूध सकाळीच येते."

हंसाबाईनं जमलेल्या बायकांकडे नजर टाकली. रोज चौदा कॅनी जात. एका भरल्या कॅनीचं वजन साधारण एका बाईएवढं. "चढा वं सम्द्या," ती ओरडली. "चौदा जणी पाह्यजेत!"

मग जो गोंधळ झाला त्याला तोड नव्हती. जाड्या बायकांना आपण दीड कॅनीच्या धरल्या जाऊ अशी भीती, आणि बारकींना आपल्याला कोणी मोजणारच नाही अशी. सुखीबाईला कोणी चढवेना. "मी काय रिकामी कॅन हाय?" म्हणून ती भांडली, तेव्हा तिला दोघींनी उचलून वर घेतलं. शेवटी चौदाच्या सोळा झाल्या. गाडी हलली तशी सगळ्यांनी किंकाळी फोडली आणि केबिनमागचा लोखंडी पाइप धरायला पुढे धाव घेतली. देवीलालनं मारुतीच्या पारासमोरच्या चरातून गाडी चार वेळा काढली. हंसाबाई चराच्या कडेला गोणपाटावर आडवी होऊन टायरकडे डोळे लावून होती.

"दोन बोटं राह्यते!" ती ओरडली. "दोन बोटं! नाही घासत!"

त्या दिवशी तिनं लापसी केली. देवीलालनं तीनदा मागून घेतली आणि गूळ कमी पडला म्हणाला. तिला रात्री छान झोप लागली.

दुसऱ्याच सकाळी, पोळ्याच्या दोन दिवस आधी, रात्रभर पाऊस चांगला झोडपून गेल्यावर, शंकरसिंग स्वतः गाडीत बसून यायचं म्हणाला. पांदण पाहायची, गाडी पाहायची आणि केंद्रावर काय ते सांगून टाकायचं. सहा वाजता कॅनी चढू लागल्या. आधी इतर घरांच्या दहा. त्या काही काठोकाठ नसत. कोणाची अर्धी, कोणाची पाऊण. त्या केबिनकडे सरकवल्या जात. सगळ्यांत शेवटी नायकाच्या घरच्या चार, मोठ्या, गळ्यापर्यंत भरलेल्या, हौद्याच्या मागच्या फळीला लागून. ही रीत खेप सुरू झाली तेव्हापासूनची. शेवटी चढलेली कॅन केंद्रावर आधी उतरते, तिचं माप आधी होतं, आणि नायक इतरांच्या आधी मोकळा होऊन चहाला जातो. याबद्दल कधी कोणाला काही वाटलं नव्हतं. नायक म्हटल्यावर तेवढं चालायचंच.

नायक केबिनमध्ये बसला, हंसाबाई मागे कॅनींचा दोर धरून उभी राहिली. गाडी तांड्याबाहेर पडून पहिल्या खड्ड्यात उतरली आणि खालून घर्रकन आवाज आला. पुढच्या खड्ड्यात पुन्हा. मग जळक्या रबराचा वास आला. पांदणीचा वाईट टप्पा अजून पुढेच होता. देवीलालनं गाडी थांबवली, उतरून मागे आला आणि वाकला. हौद्याच्या कडेला काळा चुरा लागला होता. फटीत त्यानं बोट घालायचा प्रयत्न केला, नखसुद्धा जाईना.

"घासते," तो म्हणाला.

शंकरसिंग खाली उतरला. त्यानं घड्याळ पाहिलं. सहा पस्तीस. टँकर आठला निघतो.

देवीलाल बांधावर जाऊन बसला. हात गुडघ्यांवर, मान खाली. एवढा मोठा माणूस एवढासा दिसू लागला. "सांगून टाका किसनरावले," तो मातीकडे पाहत म्हणाला. "मी पोळा झाला का लाइनवर जातो. शेठले फोन करतो आजच."

हंसाबाई हौद्यातच उभी होती. तिला आधी रागच आला. काल सोळा बायका बसल्या तेव्हा दोन बोटं राहिली आणि आज चौदा कॅनींनी नखाएवढी फट ठेवली नाही? असं कसं? तिनं हौद्याकडे पाहिलं. पुढे केबिनला लागून हलक्या कॅनी, मागे फळीला लागून नायकाच्या भरलेल्या चार. आणि बायका कुठे होत्या? सगळ्या पुढे. पाइप धरून, एकमेकींना चेंगरून. मागे तर एकही बाई उभी नव्हती.

तिनं दोर सोडायला घेतला.

"काय करून राह्यली?" देवीलालनं विचारलं.

तिनं दोराची गाठ सोडवली. पदर डोक्यावर पुढे ओढला, कारण समोर नायक होता आणि ती तांड्याची सून होती. मग म्हणाली, "नायकजी, तुमच्या कॅनी पुढे घेते."

"पुढे म्हणजे?"

"केबिनले लावून."

"मंग त्या उतरन कवा?"

"आखरी."

शंकरसिंगनं आपल्या चार कॅनींकडे पाहिलं. त्याच्या कॅनी कधी शेवटी उतरल्या नव्हत्या, आणि त्याला असं कोणी सांगितलंही नव्हतं. बाईनं तर नाहीच. देवीलाल घाईनं उठला. "हंसा, राहू दे. उतर खाली."

"नाही उतरत," ती म्हणाली. तिचा आवाज फाटला होता, पण थांबला नाही. "नायकजी, तुमच्या चार कॅनी मांग हाय म्हणून गाडी मांग दबते. काल बाया सम्द्या पुढे होत्या म्हणून घासली नाही. हे मले आता समजलं, माही चुकी हाय. तुमच्या कॅनी आखरी उतरल्या त तुमाले अर्धा घंटा उभं राहा लागन, मले माहीत हाय. पण हा लाइनवर गेला त मी किती वर्ष उभी राहू? सोळा वर्ष दारात उभी होती मी. पोरगी बापाले वयखे नाही. आता मले थो घरी पाह्यजे. भाजीले नावं ठेवाले पाह्यजे."

दूर कुठेतरी मोर ओरडत होता. देवीलाल जिथे उठला होता तिथेच उभा राहिला आणि बायकोकडे पाहत राहिला. ती रडत नव्हती. नाकातून जोरात श्वास घेत होती आणि नायकाच्या पहिल्या कॅनीचा कान धरून उभी होती.

शंकरसिंगनं धोतर वर खोचलं. फळीवर पाय देऊन तो हौद्यात चढला, गुडघे कुरकुरले तेवढ्यापुरता थांबला, आणि कॅनीचा दुसरा कान धरला.

"भरली कॅन हाय वं. एकटीनं उचलली त कंबर मोडन," तो म्हणाला. "देवीलाल, पाहून काय राह्यला? चढ ना."

तिघांनी आधी हलक्या कॅनी मागे ओढल्या. मग मोठ्या चार एकेक करून पुढे नेल्या. दुसरी नेताना कॅनीची कडा हंसाबाईच्या नडगीवर बसली आणि तिच्या तोंडून हुंकार निघाला, पण तिनं कान सोडला नाही. चौथी केबिनला टेकल्यावर देवीलाल खाली उडी मारून टायरजवळ गेला आणि फटीत बोटं घातली.

"एक," तो म्हणाला. मग बोट फिरवून पाहिलं. "दीड."

"दीडात निघते का?" शंकरसिंगनं विचारलं.

"पहिल्यात हळूहळू नेली त निघन."

हंसाबाई आणि नायक खाली उतरून मागून चालू लागले. देवीलालनं गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली. गाडीची ओढ खरंच कमी झाली होती. इंजिन कण्हल्यासारखं करत होतं आणि चाकं मात्र सावकाश, एकेक वीत पुढे जात होती. वाईट टप्पा आला. चाकं चाकोरीत उतरली. हंसाबाई चिखलात जवळजवळ गुडघ्यांवर बसून खाली पाहत होती. गोळा उंचवट्याजवळ आला, त्याच्या डोक्यावरचं गवत त्यानं घासून आडवं केलं आणि तो वरून पुढे निघून गेला. एकदा टायर घर्र झाला, तेवढंच. नाल्याच्या चढावर गाडी एक क्षण जागच्या जागी थरथरली. देवीलालनं गिअर बदलला नाही. गाडी चढली आणि डांबरीवर जाऊन उभी राहिली.

"निघाली!" शंकरसिंग ओरडला. तांड्यात त्याला ओरडताना आजवर कोणी ऐकलं नव्हतं.

आठला दहा कमी असताना ते केंद्रावर पोहोचले. टँकर उभा होता. आधी छोट्या घरांच्या कॅनी उतरल्या, मापल्या गेल्या. नायक आपल्या कॅनींची वाट पाहत रांगेच्या शेवटी उभा होता, हात मागे बांधून. केंद्रावरचा माणूस वह्या चाळता चाळता थबकला.

"नायक, आज मांग कसे काय?"

"आज मांग," शंकरसिंग म्हणाला. "उद्याबी मांग. आपली गाडी तशी हाय." मग थोडं थांबून त्यानं सांगून टाकलं, "अन् खेप देवीलालचीच राहीन. कोणी इचारलं त सांगजो."

देवीलालनं ते ऐकलं. तो रिकाम्या कॅनीला पाणी मारत होता, ते पाणी त्यानं स्वतःच्या तोंडावर मारून घेतलं.

नायकाला बाजारात काम होतं म्हणून परतीला दोघंच निघाले. गाडी रिकामी, रस्ता ओला, आणि देवीलाल एक अक्षर बोलेना. हंसाबाईला वाटलं, नायकासमोर घरातलं बोलले म्हणून रागावला असेल. रागावू दे, तिनं मनाशी म्हटलं. तिनं लुगडं जरा वर करून नडगी पाहिली. काळंनिळं होऊन टेंगूळ आलं होतं.

देवीलालनंही पाहिलं. त्यानं गाडी हळू केली.

"दुखते का?"

"दुखते."

एक एसटी समोरून गेली, तिच्या चाकांचं पाणी काचेवर उडालं. ते पुसलं गेल्यावर तो म्हणाला, "मी लाइनवर होतो तवाबी असंच कवा कवा लागत असन तुले. दुखत असन."

"दुखे ना," ती बाहेर पाहत म्हणाली. "पण तवा दुखते का म्हणून इचाराले कोणी नव्हतं."

देवीलालनं डावा हात तिच्या गुडघ्यावर ठेवला. पांदण लागेपर्यंत तो तिथेच होता. मग पहिला गिअर टाकायचा होता, तेव्हा त्यानं तो काढला.